फॅरडेची बांधलेली वही

पुणे, 22 जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे चिरंजीव शास्त्रज्ञांची चरित्रं दोन पानांतच मिटून ठेवतात, असं तू लिहिलंस. म्हणून गेल्या रविवारची हकिकत कळवतो.

शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायला आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो. मुलांचे हात कामात होते, तेवढ्यात मी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचा विषय काढला. मागे एकदा मी सुरुवात जनित्र आणि मोटर यांपासून केली होती, तेव्हा दोघंही उठून गेली होती. या वेळी बाइंडिंगपासून केली. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी, 1805 मध्ये, लंडनच्या एका बाइंडिंगवाल्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधायला आलेली पुस्तकंच वाचायचा. विजेवरचा विश्वकोशातला लेख त्याला तिथेच सापडला. "मालक रागवायचा नाही?" धाकटीने विचारलं. नाही गं, रिबो नावाचा तो मालक उलट उत्तेजन द्यायचा.

1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानांची टिपणं त्याने सुवाच्य उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधली आणि डेव्हीला पाठवली. धाकटी हातातली वही उलटसुलट करून बघत राहिली. पुढे डेव्हीच्या मदतनिसाला मारामारीपायी काढलं आणि मार्च 1813 मध्ये ती जागा फॅरडेला मिळाली.

इथे पुष्कळ चरित्रं भरभर पुढे जातात. मी मुद्दाम थांबलो. युरोपच्या दौऱ्यात डेव्हीचा नोकर आला नाही, म्हणून ती कामं फॅरडेच्या गळ्यात पडली. डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखंच वागवलं. आणि 1824 मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेवर फॅरडेची निवड व्हायची होती, तेव्हा विरोध केला तो डेव्हीनेच! थोरला कात्री खाली ठेवून म्हणाला, "मग डेव्ही चांगला की वाईट?" मला उत्तर देता आलं नाही आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. त्या प्रश्नावर दोघं रात्री जेवतानाही बोलत होती. असे प्रश्न पडावेत म्हणूनच मुलांना चरित्रं द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. नुसत्या थोरवीपुढे मूल हात जोडतं आणि पान उलटतं.

मग 29 ऑगस्ट 1831. लोखंडी कडं, त्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी. एकात बॅटरीची वीज सोडली की दुसऱ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसुई थरथरायची आणि परत जागेवर यायची. बॅटरी काढली की पुन्हा एकदा थरथरायची. वीज नुसती वाहत असताना मात्र सुई स्वस्थ. त्या क्षणिक हालचालीचा पिच्छा त्याने सोडला नाही. ऑक्टोबरात त्याने वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केलं आणि वीज निर्माण झाली.

आता दोघांना सुई हललेली डोळ्यांनी बघायची आहे. होकायंत्र आणि तांब्याची तार मी आणून ठेवली आहे. तुझ्याकडे शाळेपासूनचं ते पट्टीचुंबक अजून असेल, तर पुढच्या रविवारी चिरंजीवांना घेऊन ये, चुंबकासकट.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र