पॉम्पेई राहू द्या, नेपल्समध्येच थांबा

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला कुणाचंच धड ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढते. बाबांचा निरोप आला, ‘पॉम्पेईची सहल घेतोय, आई तयार आहे.’ पाच मिनिटांनी आईचा, ‘परत दगडं बघायला नेतायत.’ खरं काय ते वेगळं विचारायची गरज पडली नाही.

आधी वेळेचा हिशेब. तुमचं क्रूझचं जहाज गुरुवारी सकाळी सातला नेपल्सला लागतं, संध्याकाळी सहाला सुटतं आणि साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. नाश्ता, उतरायची रांग, परत यायची घाई हे सगळं वजा केलं तर हातात जेमतेम आठ तास राहतात. पॉम्पेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते रोमन गाव, बंदरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. जहाजाच्या सहलीत बस, छत्री उंच धरून पुढे चालणारा गाईड, कानात यंत्र आणि बहुतेक वेळा वाटेत कॅमिओच्या दागिन्यांच्या दुकानात थांबा. तिचा एक फायदा मात्र खरा आहे, त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपले आपण गेलात आणि गाडी रखडली, तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि तिकडे जाणारी ती चिर्कुमवेसुवियाना लोकल रखडते. गर्दी असते, पंख्याचाही पत्ता नसतो आणि खिसेकापू तर ठरलेलेच.

पॉम्पेईचं गाव आहे 66 हेक्टरचं, म्हणजे आपल्या भाषेत 160 एकरांच्या वर, आणि त्यातलं दोन तृतीयांश उकरून झालंय. रस्ते काळ्या लाव्हाच्या मोठमोठ्या दगडांचे, कडा झिजून गोल झालेल्या. सावली नावाला. आईच्या गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहे. पण बाबा, दिवाळीत तुम्हीही जिना उतरताना कठडा धरत होता, मी पाहिलंय.

आणि राग मानू नका, पण पॉम्पेईत पॉम्पेई फार थोडं उरलंय. 1748 ला तिथं खोदकाम सुरू झालं, तेव्हा नेपल्सच्या राजाची माणसं भिंतीवरची चांगली चांगली चित्रं कापून काढून राजवाड्यात नेत असत. ‘फॉनचं घर’ म्हणून जे मोठं घर दाखवतात, तिथं जमिनीवर अलेक्झांडरच्या लढाईचं मोझाइक आहे, ती नक्कल. अस्सल नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे आहे. (त्याच्या जतनाचं मोठं काम काढलेलं आहे, तेव्हा ते पुरतं दिसेलच असं धरून चालू नका.) भांडी, दिवे, काचेच्या कुप्या, पुतळे, बरंचसं तिकडेच. तरीही दुकानाच्या ओट्यात बसवलेले रांजण, गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या, हे जागेवर बघण्यात जे आहे ते संग्रहालयात नाही, हे मी कबूल करते. मी ते पाहिलंय म्हणूनच सांगते, ते बघायला दिवसभर पाय लागतात. दोन तासांच्या सहलीत नुसती धावपळ होते.

आता बाबा, तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. त्या संग्रहालयात हस्तिदंताची एक बाई आहे. वीतभर उंच, अंगावर दागिने एवढे की कपड्याची गरज पडू नये, दोन्ही बाजूंना तिच्या शृंगाराचं सामान धरलेल्या छोट्या दासी. 1938 मध्ये पॉम्पेईत एका घरात सापडली, म्हणजे इ. स. 79 साली व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथं होती. इकडे तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती भारतातून आली याबद्दल वाद नाही, आणि तिच्यासारख्याच मूर्ती सापडल्यात त्या जालन्यातल्या भोकरदनला आणि आपल्या तेरला! गोरोबाकाकांच्या देवळाला गेलो की तुम्ही आम्हाला लामतुरेंच्या संग्रहालयात नेऊन जी दाखवायचात, तिचीच ही मोठी बहीण. तगरचा, म्हणजे जुन्या तेरचा, माल भडोचच्या बंदरावर जायचा आणि तिथून पुढे रोमन लोकांकडे, हे तुम्ही वर्गात शिकवत होता तेव्हा मला वाटायचं, बाबा गावाच्या प्रेमापोटी जरा वाढवून सांगतायत.

एक सूचना. ही बाई ‘गुप्त दालन’ म्हणून जो कक्ष आहे तिथं असते, आणि तिथली बाकीची चित्रं नवरा-बायकोनी एकत्र बघताना जरा इकडे-तिकडे बघावं लागेल अशी आहेत. सरळ मूर्तीपाशी जा. प्रदर्शनासाठी ती कधी बाहेरगावी जाते, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर आधी विचारा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तुमचा गुरुवार आहे, प्रश्न नाही.

आई, आता तुझ्याशी. वेरूळला तू सोळाव्या लेण्याबाहेर झाडाखाली पिशव्या सांभाळत बसलीस. हंपीला तेच, नळदुर्गला तेच. बाबा आम्हाला घेऊन वर, आणि तू खाली पाण्याच्या बाटल्या, चपला आणि दादाचा स्वेटर घेऊन. परत आलो की ‘झालं का बघून?’ एवढंच विचारायचीस. तुला काय बघायला आवडतं हे आम्ही कधी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. पण मला माहीत आहे. तुला माणसं बघायला आवडतात. बाजार, बायकांनी काय घातलंय, भाजी कशी देतात, वाळत घातलेले कपडे. या सगळ्यासाठी नेपल्ससारखं गाव नाही. तेव्हा गुरुवार तुझा, आणि बाबांनी तुझ्या मागून चालायचं.

जहाज अगदी शहराच्या पोटात लागतं. बाहेर आलात की समोर जाड बुरुजांचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी म्युनिचिपिओ मेट्रो. (हे स्टेशन खणताना रोमन काळाचं बंदर आणि त्यातल्या बुडालेल्या लाकडी नावा सापडल्या, बाबा. तुमचे दगड शहरातही आहेत.) तिथून तिसरं स्टेशन म्युझिओ. नऊला संग्रहालय उघडतं, दीड-दोन तासांत बाहेर या, सगळं बघायच्या मागे लागू नका. तिथून उताराने दहा-पंधरा मिनिटांवर पियात्सा बेलिनी म्हणून छोटा चौक आहे. चौकात खड्ड्यात ग्रीकांच्या तटबंदीचे दगड दिसतात आणि कठड्याला लागूनच कॉफीची टेबलं. आईने बसायचं, बाबांनी कठड्यावरून वाकायचं.

पुढे ‘त्रिबुनाली’ गल्ली. ही अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी आखलेली गल्ली आहे, आणि आज तीवर पिझ्झा, मासे, स्कूटर, प्रेतयात्रेच्या नोटिसा, सगळं आहे. सान पाओलो चर्चच्या दर्शनी भिंतीला दोन उंच खांब चिकटलेले दिसतील, ते जुन्या रोमन देवळाचे. त्याच्या समोरून सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्ली खाली उतरते. आई, इथं तू अडकणार. नाताळच्या देखाव्यासाठी मातीच्या बाहुल्या करणारे कारागीर ओळीने बसलेत, आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांसारखे. येशूबरोबर कसाई, पाववाला, कोळीण, भाजीचं दुकान, त्यातली बोटाएवढी वांगी. आतल्या कारखान्यात डोकावलीस तर कुणी रागावत नाही. दारात एक म्हातारा बसला होता, माझ्यासमोर त्याने भाजीवालीच्या भुवया एका केसाच्या कुंचल्याने काढल्या आणि मग त्या पसंत न पडून पुसून टाकल्या.

बाबांना तरीही उकरलेलं गाव हवंच असेल, तर पॉम्पेई नाही, एर्कोलानो, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं छोटं गाव. गाडीने वीस मिनिटं, मोजक्या गल्ल्या, आणि वीस मीटर राखेखाली गाडलं गेल्यामुळे तिथं वरचे मजले आणि जळून कोळसा झालेलं लाकूडसुद्धा टिकलंय. पण मग संग्रहालय सोडावं लागेल. दोन्ही आणि वर बाजार, असं एका दिवसात बसवू नका. आणि स्टेशनापासून रस्ता उताराचा, म्हणजे परतताना चढ. ठरवायचा अधिकार आईचा.

आई, तुझा गुरुवार मला माहीत आहे. फळं रस्त्यावर भरपूर मिळतात, लिंबाची बर्फाळ ग्रानिता उपासाला चालेल. बाबांनी मार्गेरिता पिझ्झा मागवायचा, मारिनारा मागवलात तर त्यावर चीज नसतं, मग नाव ठेवाल. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की दर वाढतो. रस्ता ओलांडताना सिग्नलवर विश्वास नको, शेजारच्या नेपल्सच्या बाईबरोबर चालू लागायचं. मंगळसूत्र पदराच्या आत, बाबांचं पाकीट पुढच्या खिशात. साडेचारला कुठेही असाल तिथून टॅक्सी करून बंदराकडे निघा.

जेनोव्हाला मी बंदरावर येतेच आहे. संग्रहालयाची तिकिटं मी इथून तुरिनहून काढते, रविवारपर्यंत कळवा.

कळावे,
तुमची
मनू

ता. क. दादाला त्या गल्लीतला मातीचा मॅराडोना हवा आहे. निळ्या जर्सीतला. बाबांच्या बनियनमध्ये गुंडाळून आण, बॅगेत मधोमध ठेव.