कर्मणी प्रयोगातला संसार

प्रिय सुहास,

स. न. वि. वि. (हसू नकोस. पत्र लिहायला बसलं की शाळेतली सवय हात सोडत नाही.)

परवा फोनवर तू म्हणालास, "आता कायदा बदलला, तुला कोणी काही बोलत नाही, मग सगळ्यांना सांगायची एवढी काय गरज? मी कुठे सांगत फिरतो मी स्ट्रेट आहे म्हणून?" मी विषय बदलला. भांडायचं नव्हतं, आणि फोनवर मला धड बोलताही येत नाही.

पण अरे, तू सांगतोस. दिवसभर सांगतोस. त्याच फोनवर पहिल्या पाच मिनिटांत "ही माहेरी गेलीय", "हिला विचारून कळवतो", "हिचं डोकं दुखतंय" असं तीनदा सांगून झालं होतं. एका अक्षराचं लग्नाचं सर्टिफिकेट आहे ते, आणि तू ते खिशातून काढतोस हे तुझ्या लक्षातही येत नाही. मी ऑफिसात एकदा "हा माहेरी गेलाय" म्हणून बघू?

आपली भाषा या बाबतीत फार चोंबडी आहे. क्रियापदाला हात लावला की लिंग बाहेर पडतं. आला की आली, म्हणाला की म्हणाली, सुटका नाही. म्हणून मी अकरा वर्षं 'आम्ही' आणि कर्मणी प्रयोग यांवर संसार चालवलाय. "आम्ही गेलो" म्हटलं की बरोबर कोण ते कळत नाही. "सिनेमा पाहिला", कर्ता गायब. "शर्ट छान आहे, कोणी घेतला?" "मिळाला." शाळेत व्याकरणात मी काठावर पास व्हायचो, आठवतं? आता पीएचडी देतील. अनिकेत तापाने पडला की मी "घरी आजारपण आहे" म्हणतो आणि लोक समजतात आई. त्यामुळे माझ्या धडधाकट आईला आमच्या ऑफिसात आतापर्यंत दोनदा मलेरिया होऊन गेलाय. तिची चौकशी करतात बिचारे. मी "आता बरं आहे" म्हणतो आणि जागेवर येऊन बसतो. खोटं बोलल्याचं एवढं वाटत नाही, सुहास. पण तो तिकडे तापात पडलेला असतो आणि त्याची काळजी मला दुसऱ्याच्या नावावर करावी लागते. एकदा 'पार्टनर' म्हणून पाहिलं, तर समोरच्याने विचारलं, "धंदा कसला आहे?"

नात्यांचंही तेच. तुझं लग्न ठरलं त्या संध्याकाळी ती माझी वहिनी झाली. मी तिला धड ओळखतही नव्हतो, पण नाव तयार होतं, त्याच्याबरोबर मान, थट्टेचा हक्क, सगळं. अनिकेतला अकरा वर्षांत काय मिळालं? 'तुझा तो मित्र'. तुझ्या मुलीने मागच्या वेळी सरळ विचारलं, "हा काका आपला कोण?" तेव्हा तू मोबाइल बघायला लागलास. तुला दोष देत नाही. पहिली दोन वर्षं मीच तुला त्याची ओळख 'रूममेट' म्हणून करून दिली होती. शब्द मी शिकवला आणि तू तो वापरतोस म्हणून मी रुसतो, हेही खरंच.

तुला आकड्यांशिवाय काही पटत नाही, म्हणून एक आकडा देतो. एडिथ विंडसर नावाच्या अमेरिकन बाई. त्या आणि थिया स्पायर चाळीसहून जास्त वर्षं एकत्र राहिल्या, २००७ मध्ये कॅनडात लग्न केलं. २००९ मध्ये थिया वारल्या आणि सरकारने एडिथना वारशापोटी ३,६३,०५३ डॉलर कर लावला. थियाच्या जागी नवरा असता तर हा कर शून्य होता. त्या कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. तू कर भरणारा आणि भरून देणारा माणूस, तूच सांग, तुझ्या 'ही' या अक्षराची किंमत किती?

आपल्याकडचा कायदा बदलला म्हणतोस, तो ६ सप्टेंबर २०१८ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून आमच्यासारख्यांचे संबंध वगळले तेव्हा. त्या दिवशी मी गुन्हेगार राहिलो नाही, आणि संध्याकाळी तुझा फोन आला होता, ते मी विसरलेलो नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने सांगितलं की लग्नाचं आम्ही बघणार नाही, ते संसदेचं काम. त्या दिवशी तुझा फोन आला नाही. तुला माहीतही नसेल, कारण तुझं त्यात काही अडकलं नव्हतं.

माझं काय अडकलंय ते अनिकेतच्या अपेंडिक्सच्या वेळी कळलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना. मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरची बाई वाईट नव्हती, आवाजही चढवला नाही. "नातेवाईक कोणी नाही का?" एवढंच विचारलं. शेवटी त्याच्या भावाला बोलावलं. सहा वर्षं तो अनिकेतशी बोललेला नाही. रात्रभर प्रवास करून आला, सही केली, खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "तुम्ही निघा आता, दमला असाल." अगदी सभ्यपणे. मी निघालो, सुहास. खाली जिन्यात बसून राहिलो, कारण घरी जाऊन करणार काय?

आणखी एक, बरेच दिवस मनात आहे. आपल्या ग्रुपमध्ये एकाने तो 'गोड मुलगा'वाला विनोद केला तेव्हा तू आधी हसलास आणि मग माझ्याकडे पाहिलंस. हसलास त्याचं काही नाही, विनोद टायमिंगवर होता. पण ते पाहणं असं होतं की मला तुझी समजूत काढावीशी वाटली. मीच 'असू दे रे' अशी मान हलवली. ते काम नेहमी माझ्याकडेच का येतं?

असो. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाचं तुझं आमंत्रण मिळालं. फक्त माझं नाव आहे. नवं पाठवू नकोस, त्यावरच पेनाने अनिकेतचं लिहिलंय मी, आम्ही दोघं येतोय. मुलीने पुन्हा विचारलं तर मला बोलाव, मी सांगेन. अनिकेत विचारतोय, रात्री राहायचं झालं तर गाद्या दोन घालणार की एक? मी म्हटलं पत्रात विचारतो. तेवढं वहिनींना विचारून कळव.

तुझा,
निखिल