बाळाची फडकी एकेरीच हवीत

महोदय,

कापडी लंगोटांबद्दल हल्ली पुष्कळ लिहिले जाते. बाळाची शी पुसायच्या फडक्यांबद्दल मात्र फारसे कुणी सांगत नाही. मग हौसेने शिवलेली फडकी महिनाभरात कपाटाच्या तळाशी जातात आणि घरात पुन्हा ओल्या वाइप्सची पाकिटे येतात. लोक याचा दोष आईच्या आळसाला देतात. खरा दोष बहुतेक वेळा फडक्याच्या जाडीचा असतो. दुकानात मिळणारे सहापदरी मलमलीचे चौकोन हाताला छान लागतात, पण मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ते आतून वाळतच नाहीत आणि कुबट वास धरतात. वर फ्लॅनेल आणि खाली टर्किश लावून घरी शिवलेल्यांचेही तेच होते.

त्यामुळे फडके एकेरी असावे, पण आकाराने मोठे. नऊ इंची चौकोन दोनदा दुमडला की तळहाताएवढे चारपदरी फडके होते, शी बोटांपर्यंत येत नाही. एक बाजू भरली की घडी उलटायची, दुसरी कोरी बाजू मिळते. धुतल्यावर दोरीवर पुन्हा एकच पदर, पंख्याखालीसुद्धा वाळतो.

मलमल 44 इंच पन्ह्याचे दोन मीटर घ्यावे. नव्या कापडाला खळ असते, ती निघेपर्यंत ते पाणी पीत नाही. म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवून दोनदा गरम पाण्यात धुवावे. त्यातच ते आटूनही घेते. आधी कापून मग धुतले तर चौकोनांचे तिरके पतंग होतात. वाळल्यावर दहा इंचांवर कात्रीने चीर देऊन हाताने फाडावे, म्हणजे ते धाग्यात सरळ फाटते. आडवे 4, उभे 7, अशी 28 फडकी निघतात. काठ पाव इंचाने दोनदा दुमडून शिवले की नऊ इंच उरतात. दुमडण्याआधी चारही कोपरे तिरके छाटावेत. नाहीतर तिथे पदरांवर पदर येऊन टणक गाठ बसते आणि नेमकी तीच बाळाला टोचते.

पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून घेतले तर काम झटपट होते. पण प्रत्येक कोपऱ्यावर धाग्यांची शेपटी राहते, ती नुसती कापली की दोन धुण्यांत उसवते. शेपटी सुईने शिवणीत इंचभर मागे ओवून मगच कापावी. ही बाब किरकोळ समजू नये. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन आवळला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ विनाकारण किंचाळत असेल तर हातापायांची बोटे आधी पाहावीत. विरलेल्या जुन्या साडीची फडकी याच कारणाने टाळावीत. मऊ पण धड असलेली सुती साडी किंवा धोतर चालेल, काठ आणि जर काढून. साडी खरोखर सुती आहे का, हे पाहायला धुतलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडावा. सुती कापडात तो लगेच जिरतो, टेरिकॉटमध्ये जिरायला वेळ लागतो.

आता ओलाव्याचे. तयार वाइप्स महिनोन्‌महिने ओल्या राहूनही कुजत नाहीत, कारण त्यांत संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य ॲलर्जीच्या तक्रारींमुळे युरोपीय महासंघाने 2017 पासून त्वचेवर लावून तसेच ठेवायच्या प्रसाधनांत बंद केले. घरच्या डब्यात ते नसते, हे चांगलेच. पण म्हणूनच पाणी, कोरफड आणि बेबी शाम्पू यांचे मिश्रण करून त्यात फडकी बुडवून ठेवण्याची युक्ती आपल्या हवेत घातक आहे. एक-दोन दिवसांत त्यात जंतू वाढतात. फडकी कोरडीच ठेवावीत. उकळून गार केलेले पाणी लहान थर्मासमध्ये किंवा स्प्रेच्या बाटलीत रोज नवे भरावे आणि पुसताना लावावे. साधे पाणी पुरते. मुलींना पुढून मागे पुसावे, आणि शेवटी कोऱ्या फडक्याने नुसते टिपावे, घासू नये.

तोंड आणि ढुंगण यांची फडकी वेगळी हवीत. काठाला दोन रंगांचे दोरे वापरले की घरातल्या कुणालाही विचारावे लागत नाही. मालिशचे तेल पुसायला तिसरा गठ्ठा ठेवावा. तेल मुरलेले फडके पाणी झटकून टाकते आणि चार दिवसांत खवट होते. रॅशच्या जाड मलमाचाही असाच थर बसतो. असे झाले तर बादलीभर कढत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवावे आणि भरपूर पाण्याने खळबळावे. फॅब्रिक कंडिशनर मुळीच नको, त्याचाही लेप बसतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी सुटत नाही, कापड पापडासारखे कडक होते. तिथे डिटर्जंट पावडर बरी.

शी आधी संडासात झटकून गार पाण्याने काढावी. थेट कढत पाणी ओतले तर डाग पक्का बसतो. मग गरम पाण्यात धुवावे आणि दोनदा खळबळावे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग ओल्या फडक्यावर ऊन पडले की बराचसा उडतो. पावसाळ्यात तो राहतो, राहू द्यावा, तो मळ नाही. डेटॉलमध्ये रोज भिजवण्याची चाल सोडावी. नीट न निघालेले डेटॉलच कातडी लाल करते. जुलाब किंवा बुरशीचा चट्टा असेल तेव्हा फडकी दहा मिनिटे उकळून कडक इस्त्री करावी.

रोज धुणे होत असेल तर 28 पुरतात, श्रावणात आणखी डझनभर लागतील. प्रवासात किंवा ताप-जुलाबात वाइप्स वापरल्या तर काही बिघडत नाही. पण पुष्कळ वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, तेव्हा त्या संडासात टाकू नयेत. डायपरसारख्याच कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळ्या द्याव्यात.

पाळणाघरांना एक विनंती. पालक कापडी फडकी देतात तेव्हा ती धुऊन मिळावीत अशी कुणाची अपेक्षा नसते. वापरलेले फडके झटकून बंद पिशवीत टाकले आणि संध्याकाळी परत दिले, एवढे पुरे. पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहिली तर वास तर येतोच, कापडावर काळे ठिपकेही पडतात. ते उकळूनही जात नाहीत.

आपली,
एक वाचक, चिपळूण