सूचना : कौन्सिल टॅक्सची नवी बिले

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इंग्लंडमधील कौन्सिलांना (स्थानिक नगरपालिकांना) पुढील आर्थिक वर्षाचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरांवरचा स्थानिक कर, ११ मार्चपूर्वी ठरवावा लागतो. अंदाजित खर्चातून सरकारी अनुदान, व्यवसाय-कराचा वाटा व इतर उत्पन्न वजा जाता उरलेली रक्कम घरांच्या संख्येने विभागली जाते (घरांचे किमतीनुसार गट पाडलेले असतात व ही संख्या त्यांपैकी ‘डी’ गटातील घरांच्या हिशेबात मोजतात) आणि पोलिसांसारख्या यंत्रणांचे हिस्से त्यात वेगळे मिळविले जातात. त्यामुळे बिलातील सगळी वाढ नगरसेवकांच्या माथी मारणे रास्त नव्हे. घराचा गट मात्र आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरच ठरतो, मग घर गेल्या वर्षी का बांधलेले असेना. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असल्यास २५ टक्के सवलत आहे, परंतु ती मागावी लागते. ज्येष्ठ सभासदांनी बिलावर ती ओळ अवश्य तपासावी.

— कार्यवाह