रिसेप्शनला पंगतच बसवूया

पर्वरी,
गुरुवार, रात्री

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

रविवारी मी माझ्या रिसेप्शनच्या जेवणाचा विषय काढला तेव्हा आई, तू चहा ठेवायला उठलीस आणि बाबा, तुम्ही "ते आमच्यावर सोड" म्हणून कुळागरात, नारळी-केळीच्या बागेत, निघून गेलात. फोनवर तर दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

हॉटेलवाल्याचं कोटेशन मी नीट पाहिलं. लॉनवर बफे, सात काउंटर, त्यांत चाट, डोसा, पास्ता, पनीरचे दोन प्रकार आणि शेवटी फ्रूट कस्टर्ड. ताटामागे १४५० रुपये. साडेतीनशे माणसं धरली तर पाच लाखांवर जातात. त्यासाठी बाबा पोस्टातली ठेव मोडणार आहेत, हे मला दादाकडून कळलं. हे सगळं तुम्ही माझ्यासाठी करताय. माझ्या ऑफिसातली माणसं येणार, बेळगावची व्याही मंडळी येणार, त्यांच्यासमोर काही उणं पडू नये म्हणून तुमचा जीव खाली-वर होतोय, हे मला कळतं. पण मला संध्याकाळी रिसेप्शनलाही पंगतच हवी आहे. केळीच्या पानावर, आपल्या रांदप्याच्या, म्हणजे गावच्या आचाऱ्याच्या हातचं, आपल्या घरचं जेवण.

आई, तुला मावशीच्या घरचं डिसेंबरातलं रिसेप्शन आठवतं? तू समजतेस मी पाहिलं नाही. मी पाहिलं. तुझ्या डाव्या हातात ती जड प्लेट होती, कोपराला पर्स, आणि उजव्या हाताने तू पुरी तोडायचा प्रयत्न करत होतीस. एका हाताने पुरी तुटेना. प्लेट थरथरायला लागली तशी तू स्टेजच्या बाजूच्या कुंडीच्या कठड्यावर ती टेकवलीस. मागून कुणीतरी गेलं, त्याचा धक्का लागला आणि पातळ भाजी तुझ्या निऱ्यांवर सांडली. तू रुमालाने पुसलंस, प्लेट तशीच टबात ठेवलीस आणि मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "जेवले गं पोटभर." घरी येऊन रात्री साडेअकराला तू पेज गरम केलीस आणि लोणच्याबरोबर उभ्यानेच खाल्लीस. ठेवणीतली साडी अजून अंगावर होती. त्या रात्रीच मी ठरवलं, माझ्या लग्नात माझी आई बसून जेवेल. तिच्या वयाची प्रत्येक बाई बसून जेवेल.

तुझा हात हल्ली थरथरतो हे तू डॉक्टरांना सांगितलेलं नाहीस. त्याबद्दल वेगळं बोलायचंच आहे. पण आत्या काठी घेऊन चालते, मडगावचे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अजून चाचपडतात, बाबांचा गुडघा तर आहेच. आपल्याकडच्या निम्म्या पाहुण्यांना हातात ताट धरून रांगेत उभं राहणं झेपणार नाही. ते येतील, आशीर्वाद देतील आणि दोन घास खाल्ल्यासारखं करून उपाशी परत जातील.

बाबा, आता तुम्हाला. दादाच्या मुंजीच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. तुम्ही तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होता. प्रत्येक पानाशी वाकून, भाताच्या मुदीवर तूप सोडताना तुम्ही त्या माणसाला नावाने हाक मारत होता. शेवटच्या पंगतीला तुम्ही मांडवाबाहेर गेलात आणि सामान घेऊन आलेल्या टेंपोच्या ड्रायव्हरला हाताला धरून आत आणलंत. त्याला मधोमध बसवलंत आणि स्वतः त्याच्या शेजारच्या पानावर बसलात. तो लाजून भात नको म्हणत होता आणि तुम्ही वाढायला सांगत होता. डिसेंबरातल्या त्या रिसेप्शनला आपला ड्रायव्हर गाडीत बसून पार्सल खात होता. कुणी त्याला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं असंही नाही. बफेत कोण जेवलं, कोण राहिलं, हे बघायला कुणी नसतंच.

तुम्ही म्हणाल, व्याह्यांना आपलं जेवण गावठी वाटेल. सासूबाईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तिखट जरा जास्त लागतं, तेवढा ठेचा असू दे. बाकी गोव्याला येऊन पनीरच खायचं तर ते बेळगावातही मिळतं. येताना त्या कुंदा आणणार आहेत, तोही पंगतीत वाढायचा.

मी रांदप्याशीही बोलले. पंगत लॉनऐवजी देवळाच्या हॉलमध्ये, म्हणजे कांदा-लसूण नसलेलं जेवण तर ठरलेलंच. पानावर मीठ, लिंबू, लोणचं, काकडीची कोशिंबीर, पापड. वरण-भात-तूप. बटाट्याची सुकी भाजी, मुगागाठी (मुगाची उसळ) आणि खतखतं (मिश्र भाजी). खतखत्यात सुरण, माडीचा कंद, रताळं, शेवग्याची शेंग, नीरफणस, मक्याची कणसं, आणि खोबऱ्याच्या वाटणात सुकं तिरफळ. ते त्याने बी काढूनच घालायला हवं, दादाच्या मुंजीला एका पाहुण्याच्या दाताखाली आलं होतं. मे महिना आहे म्हणून घोटांचं, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचं, सासव. पुऱ्या. गोड म्हणून मणगणे, शिवाय मुलांसाठी जिलेबी. शेवटी सोलकढी.

मणगणे मला आजीसारखंच हवं. चण्याची डाळ शिजलेली पण मोडलेली नाही, साबुदाणा काचेसारखा, गूळ विरघळल्यावर नारळाचा घट्ट रस अगदी शेवटी. रस घातल्यावर उकळू दिलं तर फुटतो, म्हणून आजी तेवढा वेळ चुलीपासून हलायची नाही. केटररच्या यादीत 'डेझर्ट' म्हणून तीन नावं होती, त्यांत हे नव्हतं. आणि बाबा, २०२३ मध्ये आपल्या मानकुराद आंब्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण काढून देवघराच्या कपाटाला चिकटवलंत. अजून आहे ते तिथे. आणि तुमच्याच मुलीच्या लग्नात, मे महिन्यात, डब्यातल्या फळांचं कस्टर्ड? आंबे कापून द्रोणात ठेवूया, हंगाम संपता संपता भावही खाली आलेला असतो.

अडचणी आहेत, त्या झाकत नाही. हॉलमध्ये एका वेळी नव्वद माणसं बसतात. म्हणजे चार पंगती, प्रत्येकीला चाळीस मिनिटं धरली तर साडेसातला सुरू करून सव्वादहा होतील. थांबायला लोकांना कंटाळा येतो, विशेषतः ज्यांना पेडण्याला किंवा काणकोणला परत जायचंय त्यांना. त्यासाठी बाहेर एका टेबलावर कोकम सरबत, कैरीचं पन्हं आणि गरम बटाटवडे ठेवायचे. पहिली पंगत लांबच्यांची आणि म्हाताऱ्यांची, दुसरी बेळगावकरांची. घरची माणसं शेवटी, पण आई, तू पहिल्या पंगतीला बसायचंस. यावर वाद घालू नकोस. पंगत टेबल-खुर्चीवर घालायची, जमिनीवर पाट मांडायचा हट्ट मी धरणार नाही, गुडघ्यांचा विचार केला पाहिजे. पंधरा पानांमागे एक वाढपी लागेल असं रांदपी म्हणतो. चार त्याचे, दोन दादाचे मित्र. त्यांना वाढायची सवय नाही, तर आदल्या दिवशी बाबांनी शिकवायचं.

आणि लॉनचं तर मला पहिल्यापासून पटलेलं नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात संध्याकाळी आभाळ भरून येतंच. २०२५ मध्ये तर त्याच सुमाराला मान्सून गोव्यात पोचला होता. सात काउंटर आणि साडेतीनशे माणसं एका मांडवाखाली कशी मावणार?

मासळीचं विचारणारे विचारतीलच. बाबा, तुमच्या मित्रांना मासळीशिवाय लग्न म्हणजे लग्न वाटत नाही. देवळाच्या आवारात ती नाही, पण पाचपरतावणाला, लग्नानंतर आम्ही दोघं माहेरी येऊ तेव्हा, घरी करूया की. १ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर बंद होतात, आपलं पाचपरतावण त्याच्या दोन-तीन दिवस आधी येतं. विसवण (सुरमई) आणि सुंगटं (कोळंबी) मिळतील, महाग मिळतील पण मिळतील. चाळीसच माणसं असतील, आई माशांचं हुमण स्वतः करेल म्हणते तर करू दे, मी नारळ खवून देईन.

पैशाचं शेवटी लिहिते, कारण तोच विषय तुम्ही मला काढू देत नाही. रांदपी, वाढपी, किराणा, भाडं सगळं धरून पानामागे ५०० च्या आत बसतं. नारळ आणि पानं आपल्याच कुळागरातली. ठेव मोडू नका. ती आईच्या औषधांसाठी आणि तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवली आहे, हे मला माहीत आहे. माझं लग्न एका संध्याकाळचं आहे, तुम्हाला पुढे खूप वर्षं चालायचं आहे. त्यातूनही माझ्यासाठी काही करावंसं वाटलं, तर बाबा, तुपाचं भांडं हातात घ्या. निदान पहिल्या पंगतीला. बेळगावकरांना नावानिशी वाढता यावं म्हणून मी त्यांची यादी तुम्हाला आधीच लिहून देते.

रविवारी सकाळच्या बसने येते. रांदप्याला दुपारी तीनला बोलावलं आहे, नारळ आणि भाज्यांचा हिशेब तुमच्यासमोरच करू. तोपर्यंत एवढं बघून ठेवा, खालच्या पाटाजवळच्या केळींना वाऱ्याने न फाटलेली पानं किती आहेत. साडेतीनशे लागतील, वर पन्नास जास्तीची. कमी पडली तर मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधीच सांगून ठेवते.

तुमची,
ताई