कावळा आणि फांदी

फोंडा, 12 ऑक्टोबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

क्लॅटच्या, म्हणजे तुझ्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरचा फोटो मिळाला. लॉजिकल रीझनिंगमध्ये सात चुकलेत, त्यातले पाच ‘युक्तिवादात खोट कुठे’ याच जातीचे. मी काही क्लासवाली बाई नव्हे, पण कचेरीत वीस वर्षं लोकांचे अर्ज वाचतेय.

तो दिव्यांचा प्रश्न बघ. रस्त्यावर दिवे लावले, सहा महिन्यांत अपघात घटले, त्याअर्थी दिव्यांमुळेच घटले. समासात तू पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘बरोबरच तर आहे!’ असेल गं. दिव्यांचा उपयोग होतो की नाही हे विचारलेलंच नाही. दिलेल्या कारणावरून तो निष्कर्ष निघतो का, एवढंच विचारलंय. त्याच महिन्यात बायपास सुरू झाला असेल तर? फर्मागुढीच्या गणपतीला नारळ ठेवला म्हणून तुला दहावीत मार्क पडले, असं आजी अजून सांगते. कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ. (आजीला हे वाचून दाखवू नकोस.)

म्हणून आधी ‘म्हणून’, ‘त्याअर्थी’ शोध. त्याच्या अलीकडे काय, पलीकडे काय, आणि मधे काय गृहीत धरलंय ते आपल्या शब्दांत म्हण. मगच पर्याय वाच. तू ‘नमुना अपुरा’वर (म्हणजे थोड्यांना बघून सगळ्यांबद्दल बोलणं) खूण केलीस, कारण ते नाव पाठ होतं. उताऱ्यात नमुना आहेच कुठे? पर्याय सांगतो ते लेखकानं केलंय, असं उताऱ्यातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर तो पर्याय खोडायचा. ‘अमुक विचारात घेतलेलं नाही’ असा पर्याय असला तर ते अमुक खरं धरून बघ. युक्तिवाद डळमळला तरच तो घ्यायचा.

उरलेले दोन उलटापालटीचे, म्हणजे ‘जर-तर’ उलटं वाचल्यामुळे चुकलेत. काल बाजारात बांगडे महाग बघून बाबा म्हणाले, ‘मासेबंदी चालू आहे की काय?’ बंदी 1 जून ते 31 जुलै, तेव्हा मासळी महागते हे खरं. पण महागली म्हणजे बंदीच, असं कसं? वारा सुटला, होड्या गेल्या नाहीत, तरी महागते.

क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण कापतात. एकाच प्रश्नावर अडून बसू नकोस.

दिवाळीला कधी निघतेस ते कळव. बांगडे काल घेतले नाहीत, तू आलीस की घेऊ.

तुझी आई