वनमंत्री महोदय, कॅमेऱ्यातले सेल तरी बदला

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री बिबट्याने माझी कालवड नेली. गोठ्याच्या अंगालाच वनखात्याचा ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधलेला होता. "आधी कॅमेऱ्यात येऊ द्या, मग पिंजरा लावतो," असा शब्द वनखात्याकडून मिळाला होता. कॅमेऱ्यात आलो मी, माझी बायको, शेजाऱ्याचं कुत्रं आणि ढीगभर उसाची पाती. बिबट्या नाही. रात्री कॅमेरा बंदच होता.

माझ्यासमोर उघडला, तर आत भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसले आठ स्वस्त सेल! साहेब, दिवसाच्या फोटोला फार ताकद लागत नाही. रात्री अंधारात फोटो काढायला इन्फ्रारेड दिवे लागतात, एकदम करंट ओढतात आणि असले सेल तिथेच मान टाकतात. सकाळी जरा विसावले की पडद्यावर पुन्हा चार्ज दिसतो. बघणारा म्हणतो, "चालू आहे की." त्यात कॅमेऱ्याचं तोंड उसाकडे, संवेदनशीलता सगळ्यात वर आणि मोड व्हिडिओचा. उन्हात तापलेलं पान हललं तरी सेन्सरला जनावर वाटतं. सगळे सेल पाती मोजण्यातच संपले.

२०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, गिनीजमध्ये नोंद झाली. अभिनंदन. आमच्या बांधावरच सेल संपतात का? चांगल्या अल्कलाइन सेलला दुकानदार तीसेक रुपये सांगतो, म्हणजे आठांचे अडीचशे धरा. पंचनाम्याच्या हेलपाट्यांत माझं त्याहून जास्त पेट्रोल जळलं. आणि तिथे प्रश्न काय, तर "बिबट्याच होता कशावरून?" तुमच्या कॅमेऱ्याला विचारा ना!

बायको रात्र रात्र जागी असते. पोरांना शाळेत एकटं सोडवत नाही. मी मात्र टॉर्च घेऊन त्याच उसात पाणी भरायला जातो, कारण पाण्याच्या मोटारीची लाइट रात्रीची. शेतीला दिवसा वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ला आली, २०२३ला तिचा दुसरा अवतार आला. आमच्या फीडरवर सूर्य अजून रात्रीच उगवतो. हे खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. बिबट्या एका खात्याचा, वीज दुसऱ्याची, कागद तिसऱ्याकडे. मत मागायला मात्र सगळे एकाच गाडीतून येतात.

मागणं एवढंच: सेल बरे घाला, लिथियम परवडले तर उत्तम. कॅमेरा उसाकडे नको, पायवाटेकडे वळवा. पिंजरा आत्ता लावा.

नाहीतर सेल मीच आणून घालतो. तसं विचारलं होतं, तर उत्तर आलं, "सरकारी मालमत्तेला हात लावाल तर गुन्हा दाखल होईल." तेव्हा सेल बदलण्याची लेखी परवानगी द्या, आणि तिचा अर्ज कोणत्या टेबलावर करायचा तेही कळवा.

आपला,
रात्रपाळीचा एक ऊस उत्पादक